तुटक रेषेमागची भोकं

भोकात काय एवढं बघायचं असतं, असं ज्याला वाटतं त्याने ड्रॉइंगच्या तासाला माझ्या बाकावर बसून दाखवायला हवं होतं. भोक म्हणजे भोक, असंच मीही समजत होतो. भिंतीला असतं, पातेल्याला पडतं, सदऱ्याला तर आमच्या घरी कायमच असे. यवतमाळच्या ज्या तंत्रशाळेला गावातले लोक कारखाना-शाळा म्हणत, तिथे मी फिटरच्या वर्गात जाऊन बसलो, आणि दिवाळी येईपर्यंत कळून चुकलं की भोकांनाही जाती असतात आणि त्या माणसांच्या जातींइतक्याच कडक पाळाव्या लागतात. आरपार गेलेलं भोक वेगळं, मध्येच थांबलेलं वेगळं. नुसतं ड्रिलने पाडलेलं एक, रीमर फिरवून गुळगुळीत केलेलं दुसरं, टॅप घालून आटे पाडलेलं तिसरं. बोल्टचं डोकं आत बुडावं म्हणून तोंडाशी रुंद आणि बुडाला सपाट केलं की ते काउंटरबोर. चपट्या स्क्रूसाठी तोंड नरसाळ्यासारखं उतरतं केलं की काउंटरसंक. वॉशर नीट टेकावा म्हणून वरची नुसती साल काढली की स्पॉटफेस. लोखंडात ही सगळी मला ओळखू येत. बोट घातलं की काम झालं. कागदावर मात्र ती सगळी गोल रेषा होऊन बसत, आणि तिथे बोटाचा काही उपयोग नव्हता.

आम्ही तेव्हा एका जिनिंगच्या कुंपणाला लागून असलेल्या खोल्यांमध्ये राहत होतो. नेरकडचा आमचा तांडा सोडून बा आधी शहरात आला, मागून याडी, माझी मोठी बहीण सोनी आणि मी. याडी म्हणजे आई. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली चाले. ती आता माझ्या नातवंडांनाही कळत नाही, म्हणून घरातलं बोलणं मी इथे वऱ्हाडीत लिहितो. याडीला हे कळलं असतं तर तिने माझी चांगली खरडपट्टी काढली असती. बा रुईच्या गाठी वाहायचा. हंगामात याडी कपाशी निवडायला जायची. जिनिंगमधले रेचे, म्हणजे कपाशीतून सरकी काढायची यंत्रं, एकदा सुरू झाले की त्यांची घरघर भिंतीतून, जमिनीतून, पाण्याच्या माठातून येई. माठावरचं झाकण दिवसभर किणकिणत असे. रुईचे तंतू कुठे नसत? वरणात, ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांत, पाण्याच्या पेल्यात. याडी भाकर थापताना परातीवर सारखी फुंकर घालायची, तरी पापुद्र्यात एखादा तंतू निघायचाच, आणि तो दातात अडकला की जिभेला चैन नसे. अंबाडीची भाजी, कण्या आणि लसणाची लाल चटणी एवढं ताटात असलं की बाचं भागायचं. हंगाम संपला की रेचे बंद पडत. मग खोलीत इतकं सामसूम होई की घरघरीच्या सवयीने आम्ही उगाच ओरडून बोलायचो, आणि शेजारचे विचारायला येत की भांडण कशावरून चाललंय.

हंगाम नसला की याडी सोनीच्या लग्नाचं कापड काढून बसे. तिची काचळी म्हणजे चोळी, तिचा फेटिया म्हणजे घेरदार घागरा, जाड लाल-निळं कापड, त्यावर आरसे, कवड्या आणि याडीचा धावदोरा. दुपारभर याडीच्या हातातल्या बलियांचा, म्हणजे बांगड्यांचा, खडखडाट आणि सुईचं वरखाली. मी डोळे उघडले तेव्हापासून हेच बघत आलो होतो. आमच्याकडे बाईचा हात कसा आहे ते बघायचं तर आधी कापड उलटं करतात. वरून कोणीही साजरं करेल. मागच्या बाजूला गाठी किती, दोरे ओढलेत की सैल सुटलेत, यावर आलेली बाई नाक मुरडणार की नाही ते ठरायचं. याडीच्या कापडाची पाठ बघून तांड्यातल्या भल्याभल्या बायकांनी नाव ठेवायला जागा न सापडून ते खाली ठेवलेलं मी पाहिलं आहे. याचा माझ्या ड्रॉइंगशी काही संबंध असेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि ड्रॉइंगवर सगळं अडलं होतं. आमच्या शाळेत वर्षअखेरीस ड्रॉइंगमध्ये जो नापास होई, त्याचं फिटरच्या वर्गातून नाव कमी व्हायचं. पुन्हा बसायची सोय नव्हती. जिनिंगचा म्हातारा फिटर थकला होता आणि बाने माझ्यासाठी तिथे शब्द टाकून ठेवला होता की पोरगा पास झाला म्हणजे घ्या. बाचा उजवा खांदा तेव्हाच कामातून गेलेला. जेवायला बसला की तो डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचा, मग त्या हाताने भाकर मोडायचा. 'डराइंग काय असते मले ठाव नाही,' तो म्हणायचा. 'पन थे नाही जमलं, तं गाठी हायेच. माह्या बाजूले उभा राह्य.' हे तो अगदी सहज सांगायचा, उद्या हवा कशी राहील ते सांगावं तसं.

शिकवायला मोघे सर होते. पुण्याकडचे, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात टोकं काढलेल्या पेन्सिलींची फळी. सरांच्या शिकवण्यात खोट काढायची माझी हिंमत नाही. उलट ते जरा जास्तच शिकवायचे. धुण्याच्या साबणाच्या वड्या घरून आणायचे, त्यांत पेनच्या टोपणाने भोक पाडायचे, तोंड चाकूने रुंद करायचे आणि वडी मधोमध कापून आमच्या हातात द्यायचे. त्यांच्या घरी धुणं कशाने होत असे कोण जाणे. कापलेली वडी हातात आली की माझा जीव भांड्यात पडायचा. हे सपाट बुडाचं, काउंटरबोर. हे उतरतं, काउंटरसंक. मग सर फळ्याकडे वळायचे आणि तीच भोकं खडूने काढायचे. वरून बघितलं की दोन्ही सारखीच: लहान वर्तुळ आणि त्याच्याभोवती मोठं वर्तुळ. कुठलं कोणतं, ते बाजूच्या आकृतीत बघून ठरवायचं. तेवढं मी घोकून घोकून जमवलं. गाडी रुतली ती तुटक रेषेत.

सरांचा नियम साधा होता. जी कड आपल्याला दिसते ती अखंड रेषेने काढायची, जी मागे किंवा पोटात दडलेली आहे ती तुटक रेषेने. म्हणजे वरून बघताना मोठं वर्तुळ अखंड असेल तर भोकाचं रुंद तोंड आपल्याकडे, आणि मोठं वर्तुळ तुटक असेल तर रुंद तोंड खालच्या अंगाला. वर्गातल्या सगळ्यांना हे एका बैठकीत कळलं. मी ते उतरवून घेतलं, पाठ केलं, कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी न अडखळता सांगितलं असतं. पण कागद समोर आला की सगळं उलटं व्हायचं. तुटक वर्तुळ मला वर आलेलं दिसे, माझ्याकडे तोंड करून. अखंड वर्तुळ म्हणजे नुसती किनार, तोंड पलीकडच्या अंगाला. नियम आठवत पहिलं भोक मी बरोबर लिहायचो, दुसऱ्या भोकाशी अडखळायचो, आणि तिसऱ्या भोकाला डोळा नियमाला ढकलून स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. सर माझ्या कागदावर लाल पेन्सिलीने फुल्या मारत जात, आणि शेवटी शेवटी तर त्यांनी फुल्या मारणंही सोडलं, नुसता उसासा टाकत.

शेजारी मेश्राम बसायचा. त्याच्या घराने काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता, आणि त्याच्या वडिलांनी त्याला शाळेत पाठवताना एकच गोष्ट बजावली होती: समजलं नाही तर उभं राहून विचारायचं, मान खाली घालायची नाही. ही शिकवण त्याने इतकी मनावर घेतली की तो माझ्या वतीनेही उभा राहायचा.

'सर, राठोडले अजून नाही समजलं.'

'काहून उठतं बे दर खेपेले?' मी खालून त्याच्या पायाला चिमटा काढायचो.

'तू उठत नाहीस ना, म्हून.'

सर पुन्हा साबणाची वडी काढायचे. पुन्हा कापायचे. पुन्हा नियम. सगळा वर्ग माझ्यासाठी थांबलेला, कोणी बाकावर बोटं वाजवतोय, कोणी खिडकीतून बाहेर बघतोय, आणि मी मान डोलावतोय. डोलावू नको तर काय करू? मला नियम समजला नव्हता असं नाहीच. मला काय समजत नव्हतं, तेच मला समजत नव्हतं, आणि असल्या अडचणीसाठी उभं राहून काय विचारायचं ते मेश्रामच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं.

मग ती पट्टी आली. वर्कशॉपमध्ये आम्हाला एका पंपाच्या झाकणाची पट्टी करायला दिली होती. वरच्या अंगाला एक खाच, कोपऱ्यांना भोकं, सगळी काउंटरबोर. मी ती पट्टी कानस मारून मारून अशी केली होती की कोणीही बोट फिरवून बघावं. काटकोन पक्का, कडा साफ, भोकांच्या जागा बरोबर. ड्रिल चालवताना हात एकदाही हलला नाही. सरांनी ती उचलली आणि आधी त्यांचा चेहरा खुलला, मग त्यांनी ती उलटी करून बघितली.

'राठोड, ही तोंडं कोणत्या बाजूने केलीस?'

'वरून, सर.'

'ड्रॉइंगमध्ये कोणत्या बाजूने आहेत?'

मी कागद बघितला. अगदी नीट बघितला. 'वरून, सर.'

सरांनी चष्मा काढला. 'तुटक रेषा म्हणजे काय?'

'दडलेली कड, सर.'

'मग?'

'मग… वरून, सर.'

वर्ग फुटला हसून. सर हसले नाहीत. त्यांनी पट्टी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले की बोल्टची डोकी आता बाहेर उभी राहतील, झाकण बसायचं नाही, आणि पट्टी पालथी घातली तर खाच आत जाईल. लाकडाला पाचर मारता येते, कापडाला ठिगळ लावता येतं. लोखंडाला एकदा चुकीच्या अंगाने भोक पाडलं की पट्टी भंगारात. एवढी देखणी पट्टी भंगाराच्या पेटीत टाकताना जो आवाज आला तो मला आवडला नाही. मी संध्याकाळी जेवलो नाही, आणि बाने का जेवत नाहीस विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणालो.

माझा नातू हल्ली असले भाग संगणकाच्या पडद्यावर रंगीत करून गरागरा फिरवतो. वरून बघ, खालून बघ, पोटातून बघ. 'आजोबा, यात अवघड काय होतं?' असं त्याने एकदा विचारलं. मी म्हणालो, वीज गेली की सांगतो. वीज गेली नाही, त्यामुळे सांगायचं राहून गेलं, आणि हे सगळं आता इथे लिहितो आहे.

परीक्षा जवळ आली तशी मी सुटीच्या दिवशीही ड्रॉइंगचा कागद जमिनीवर पसरून बसू लागलो. अशाच एका दुपारी सोनी उंबऱ्यात ज्वारी निवडत होती, बा खाटेवर पडला होता, याडी माझ्या बाजूला फेटियाचा घेर मांडीवर घेऊन. मी त्याच त्या वर्तुळांकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. बऱ्याच वेळाने तिने सुई कापडात खोचून ठेवली.

'हे तू काढलं?'

'सरांनं काढलं. म्या उतरवलं.'

तिने तुटक रेषेवर बोट फिरवलं. 'धावदोरा साजरा हाये. एकसारखा.' आणि मला काही कळायच्या आत तिने कागद उचलून उलटा केला. पाठ कोरी. तिने तो खिडकीकडे धरून पुन्हा बघितला. 'मागं तं काहीच नाही.'

'कागद हाये थो याडी. मागं काय राहीन?'

'अरे, दोरा खाली गेला ना? मंग खाली निघाला पाह्यजे.'

सोनीला हसू आवरेना. मी भडकलो. 'दोरा नाही थो. रेघ हाये, रेघ.'

'रेघ हाये तं तुटली काहून?' याडी म्हणाली, आणि तिने कागद माझ्या पुढ्यात ठेवून दिला.

मला उत्तर द्यायचं होतं, चांगलं झणझणीत. मी तोंड उघडलं आणि माझी नजर तिच्या मांडीवरच्या कापडावर गेली. तिने जे केलं होतं तेच मी वर्षभर करत होतो. टाका दिसतो तो वरचा. मधली मोकळी जागा म्हणजे दोरा खाली उतरला. माझ्या डोळ्याने अक्षरं शिकण्याआधी हे वाचायला घेतलं होतं: तुटक दिसलं की ते वरच्या अंगावर आहे, आपल्याकडे आहे, बोटाला लागेल असं आहे. आणि सरांची रेषा नेमकं याच्या विरुद्ध सांगत होती. वर्गात बाकी कोणाला ही अडचण आली नाही, कारण बाकी कोणी याडीच्या मांडीशी बसून मोठं झालं नव्हतं. याडीला यातलं काही कळलं नाही. तिने सुई उचलली. ड्रॉइंगविषयी तिचं मत मात्र त्या दिवशी वाईट झालं, आणि ते शेवटपर्यंत सुधारलं नाही.

मला वाटलं, दुखणं सापडलं, आता काय कठीण आहे. दुसऱ्या दिवशी मी तास सुरू व्हायच्या आधीच सरांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं; धावदोरा काय, फेटिया काय, कापड उलटं करणं काय. सरांनी अर्ध्यात तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं.

'बरं,' ते म्हणाले. 'मग आता टाका समजायचं नाही. रेषा समजायची.'

उद्यापासून घरचं बोलणं कानावर पडलं तरी अर्थ लावायचा नाही, असं कोणी सांगितलं तर कान ऐकतील का? मी हो सर म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. त्या तासाला मी सगळीच्या सगळी भोकं चुकवली. आधी निदान मला पत्ता नसायचा. आता चूक होताना समोर दिसे, तिचं मूळ ठाऊक, तिचं गाव ठाऊक, आणि हात काही तिच्यापर्यंत पोचत नसे. त्या दिवसांत मी सगळ्यांवर चिडलेला असायचो. मेश्रामवर, त्याला दिसायचं म्हणून. सरांवर, ते चांगले होते म्हणून. रेच्यांच्या घरघरीवर, माठाच्या झाकणावर. एकदा त्या झाकणावर मी वरवंटा ठेवून दिला, तर झाकणच फुटलं.

शेवटी वैतागून मी माझाच रस्ता काढला. याडीने उलटला तसा कागद उलटायचा. खिडकीच्या उजेडात धरला की पुढच्या रेषा मागून पुसट दिसत. पुढे जी वर्तुळं तुटक, ती पाठीवर अखंड काढायची. पुढच्या अंगाचं पुढे, मागच्या अंगाचं मागे. पट्टी पालथी केल्यावर भोकं जिथे येतील तिथेच ती कागदाच्या पाठीवर येत, त्यामुळे जागाही चुकत नव्हत्या. अशी पाठ काढून घेतली की माझं एकही भोक चुकेना. मेश्रामने माझे कागद तपासले, उलटेसुलटे करून बघितले. 'चालते,' तो म्हणाला. 'पन एवढा कुटाणा कायले? सिधं पाह्य ना.' सिधं पाह्य म्हणे. मी पुढचा कागद उलटा केला.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते, जाड मिशांचे, फार कमी बोलणारे. एका बेअरिंगच्या ठोकळ्याचं ड्रॉइंग समोर ठेवलेलं, भोकांना आकडे घातलेले, आणि प्रत्येक आकड्यापुढे भोकाची जात आणि बाजू लिहायची. मी कागद घेतला, सरळ खिडकीपाशी गेलो, काचेला लावला आणि पाठ काढायला लागलो. हे सगळ्यांसमोर करायला मला काही वाटलं नाही. मला वाटलं होतं, आलेलं उत्तर बघतील, काढण्याची रीत कोण बघतो. मागे बुटांचा आवाज आला.

'हे काय चाललंय?'

'पाठ काढून राह्यलो सर.'

'कशाची?'

'ठोकळ्याची.'

परीक्षकांनी कागद हातात घेतला. दोन्ही बाजूंनी बघितला. त्यांच्या मागे मोघे सर उभे होते, चुन्यासारखे पांढरे पडलेले. 'आहे बरोबर,' परीक्षक म्हणाले. 'पण कारखान्यात ड्रॉइंग तुझ्या हातात कोण देणार? भिंतीला ठोकलेलं असतं, नाहीतर काचेखाली. तिथे पाठ कशी बघणार?' आणि त्यांनी आपल्या पिशवीतून वेगळंच एक ड्रॉइंग काढलं, फळ्यावर ठेवलं, चारी कोपरे टाचणीने घट्ट बसवले. 'हे वाच.'

त्या क्षणी मला जो संताप आला तो आजही अंगात जाणवतो. ते चुकीचं काही बोलत नव्हते, त्याचाच संताप. वर्षभर मी या एका गोष्टीपुढे डोकं आपटलं, आपल्या बुद्धीने एक वाट काढली, आणि हा माणूस टाचण्या मारून ती बुजवून मोकळा. बाचा मांडीवर उचलून ठेवलेला हात मला दिसला. उद्यापासून त्या हाताच्या बाजूला उभं राहायचं. मी फळ्याकडे बघितलं. तुटक वर्तुळं नेहमीसारखी वर आली, माझ्याकडे तोंडं करून, मख्ख. आणि रागाच्या भरात मला सुचलं की हा डोळा माझ्याशी दरवेळी खोटं बोलतो. अधूनमधून नाही, दरवेळी. वर्षभरात एकदाही त्याने खरं सांगितलेलं नाही. इतक्या नेमाने खोटं बोलणाऱ्यावर भरवसा ठेवायला हरकत काय आहे?

'पहिलं?'

'आरपार. नुसतं ड्रिल.'

'दुसरं?'

डोळा म्हणाला, वरून. 'काउंटरबोर. खालून, सर.'

'तिसरं?'

डोळा म्हणाला, खालच्या अंगाला. 'काउंटरसंक. वरून.'

'हे?'

सगळी वर्तुळं तुटक, डोळा ठणकावून सांगतोय की वर, वर. 'आटे पाडलेलं. आरपार नाही. खालून.'

ते पुढे विचारत गेले आणि मी डोळ्याच्या नाकावर टिच्चून उलटं सांगत गेलो. आवाज चढला होता माझा; भांडतोय असं बाकीच्यांना वाटलं असणार. शेवटच्या भोकाला बाजूच्या आकृतीत जेमतेम दिसेल एवढीशी खोली होती. 'स्पॉटफेस,' मी म्हणालो, 'खालून.' परीक्षकांनी मान हलवली, माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं, आणि मोघे सरांकडे वळून म्हणाले, 'याला ठेवा. वाचता येतं पोराला.'

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. ठेवा म्हणाले, म्हणजे ठेवलं. गाठी टळल्या. आनंद व्हायला हवा होता, पण राग अजून उतरलेला नव्हता आणि त्याला जायला जागा नव्हती. एवढ्यात मोघे सर लगबगीने बाहेर आले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले.

'शेवटी दिसायला लागलं तुला,' ते म्हणाले. 'मी घरी म्हणायचो, की या मुलाला एक दिवस दिसेल.'

'नाही सर,' मी म्हणालो. 'नाही दिसत. मले जे दिसते त्याच्या उलटं सांगतलं.'

'सगळ्या भोकांना?'

'सगळ्या भोकांले.'

'आणि पुढे कामावर?'

'उलटंच सांगीन सर. चुकनार नाही.'

ते खरंही झालं. जिनिंगमध्ये आणि नंतर जिथे जिथे गेलो तिथे माझ्या हातून एकही भोक चुकीच्या अंगाने पडलं नाही, आणि तुटक वर्तुळ मला आजही वरच दिसतं. पण हे सगळं पुढचं. तेव्हा व्हरांड्यात सरांनी माझ्या खांद्यांवरचे हात काढून घेतले. खिशातल्या पेन्सिली उगाच सारख्या केल्या.

'मग वर्षभर मी तुला शिकवलं काय?'

ते रागावून म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं, मला सवय होती. ते खरोखर विचारत होते. मले दिसलं सर, आत्ताच दिसलं, असं खोटंच म्हणून टाकावं असं मला एकदम वाटलं, आणि मी मान वर केली तोवर सर आत निघून गेले होते.